आजीच्या डब्यातली सहा नाणी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: अमळनेर तालुक्यातले एक वाचक लिहितात. वय चौतीस, जिनिंगमध्ये हिशोबाचं काम. त्यांची आजी, म्हणजे घरातली 'मोठी माय', एसटी स्टँडबाहेर पस्तीसेक वर्षं फुटाणे-शेंगदाणे विकायची. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेतही तिची टोपली असायची. मागच्या वर्षी ती गेली. यंदा आखाजीला तिची घागर भरायच्या वेळी कोनाड्यातला पत्र्याचा डबा उघडला, तर त्यात दहा रुपयांची सतरा साधी नाणी आणि एका चिंधीत बांधलेली सहा विचित्र नाणी निघाली. गल्ल्यात असं नाणं आलं की ती नेहमी म्हणायची, "हाई वायलं ठेव", हे वेगळं ठेव. म्हणजे तिला किंमत कळत होती, असं या वाचकांचं म्हणणं. थोरला भाऊ ती सहा नाणी जळगावला दाखवून आला आणि म्हणाला, "सगळ्यांचे मिळून दोनशे देतो म्हणे." याच सुमारास यांनी एका नाण्याचा फोटो मोबाइलवर टाकला. दुसऱ्याच दिवशी फोन आला: साडेतीन लाख देतो, नोंदणीचे २,१५० भरा. यांनी भरले, घरात कुणाला न सांगता. आता 'जीएसटी'चे ९,४०० मागताहेत. दोनशे आणि साडेतीन लाख, यातलं एक खोटं, आणि खोटं बोलणारा भाऊच असणार, हे त्यांच्या मनानं धरलंय. दोघांचं बोलणं बंद आहे. घर वायलं करायची भाषा सुरू झाली आहे. प्रश्न तीन: नाणी खरी 'एरर', म्हणजे टाकसाळीतच चुकून वेगळी झालेली, आहेत का? ९,४०० भरावेत का? भावानं फसवलंय हे कसं ओळखावं?

उत्तर:

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो आजचा आहे. ९,४०० भरू नका. एक रुपयाही भरू नका. विकत घेणारा माणूस विकणाऱ्याकडून पैसे मागतो, असा बाजार मी अठ्ठावीस वर्षं बँकेच्या कॅश काउंटरवर बसून कधी पाहिला नाही. जळगावच्या सराफ्यात मोड घेऊन गेलात तर सराफ आधी तुमच्याकडून नोंदणी फी घेतो का? मग नाण्याला ती कसली? या धंद्यात रिझर्व्ह बँकेचं नावही वापरलं जातं. त्याबद्दल रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं होतं: जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आमचा संबंध नाही, आम्ही त्यासाठी फी, कमिशन किंवा कर मागत नाही, कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. गेलेल्या २,१५० साठी १९३० या सायबर हेल्पलाइनला आजच फोन करा. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, तो नंबर, मेसेज, काही पुसू नका. अकरा दिवस झालेत म्हणता, तेव्हा पैसे परत येतीलच असं मी सांगणार नाही. पण तक्रार हवी.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट तुमच्याच नजरेतून सुटली आहे. त्या माणसानं तुमच्याकडून पाचच्या नाण्याच्या एकाच बाजूचा फोटो घेतला. दुसरी बाजू मागितली नाही, वजन विचारलं नाही, कड दाखवा म्हटलं नाही. साडेतीन लाखांचं नाणं घेणारा माणूस मागची बाजू न बघता भाव बोलतो? बैल घेताना आपण दात बघतो, शेपटीही उचलून बघतो. त्याला नाणं नकोच होतं.

आता डबा. 'वायलं ठेव' याचा तुम्ही लावलेला अर्थ मला पटला नाही, आणि त्याला कारण ती दहाची सतरा नाणी आहेत. दहाचं नाणं बंद झालं, ज्यावर रुपयाचं चिन्ह नाही ते खोटं, पट्ट्या कमी-जास्त असतील ते खोटं, अशा अफवांनी मध्यंतरी काय गोंधळ घातला होता आठवा. भाजीवाला घेईना, रिक्षावाला घेईना. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की तोवर निघालेल्या चौदाही प्रकारांची दहाची नाणी चलनात आहेत. चिन्ह नसलेली नाणी खोटी नव्हेत, जुनी आहेत, कारण रुपयाचं चिन्ह नाण्यांवर आलंच २०११ पासून. तुमच्या आजीनं ती नाणी गिऱ्हाइकाकडून घेतली असणार आणि पुढच्याला देताना त्यानं नाकारली असणार. म्हणून ती गल्ल्यातून निघून डब्यात गेली. तो खजिन्याचा डबा नव्हता हो. न चालणाऱ्या नाण्यांचा डबा होता. असा डबा किंवा बरणी प्रत्येक किराणा दुकानात असते. आमच्या काउंटरच्या खणातही एक होती.

हे मी तुमचा हिरमोड करायला सांगत नाही. असा डबा म्हणजे वाकलेली, घासलेली, ठोकलेली नाणी जमा होण्याची हक्काची जागा. पण टाकसाळीतून चुकून सुटलेलं नाणंसुद्धा लोक नाकारतातच, त्यामुळे एखादं खरंही नेमकं तिथंच येऊन पडतं. चिंधीतल्या सहापैकी सहा एरर असणं जवळजवळ अशक्य. सहात एक-दोन असणं शक्य. आणि तुमचे फोटो बघून मला वाटतं, तसंच झालंय.

वेगळं दिसतं म्हणजे एरर, आणि एरर म्हणजे लाख, या दोन पायऱ्या आपण एका दमात चढतो. दोन्ही पायऱ्या कच्च्या आहेत. किती मिळतील हे नंतर. आधी एवढंच विचारा की नाण्यावरची ही खूण टाकसाळीत होऊ शकते का, आणि होत असेल तर कोणत्या टप्प्यावर?

नाणं कसं बनतं ते डोळ्यासमोर आणा. धातूची लांब पट्टी यंत्राखालून सरकते आणि तिच्यातून कोऱ्या चकत्या पाडल्या जातात, करंजीसाठी पारी पाडावी तशा. मग त्या चकत्यांची कड दाबून थोडी उचलली जाते. मग एक चकती दोन ठशांच्या मध्ये येते, भोवती पोलादी कडं असतं, आणि एका दाबात दोन्ही बाजू उमटतात. पट्टी, चकती, कड, ठसा, बस. खरी चूक यातल्या कुठल्या तरी एका ठिकाणी झालेली असते. टाकसाळीच्या दारातून बाहेर पडल्यावर जे होतं, मग ते हातोडीनं असो, रेल्वेनं, तेजाबानं, की देवळाच्या उंबऱ्यात खिळा मारून, ते नुकसान. त्याला एरर म्हणत नाहीत.

ठशाची एक गंमत लक्षात ठेवा. नाण्यावर जे उंच, ते ठशावर खोल. म्हणजे ठशाला तडा गेला तर त्या फटीत धातू शिरणार आणि नाण्यावर उंच रेघ येणार. नाण्यावर मागून कुणी चरा ओढला तर रेघ खोल जाणार आणि कडेला धातूची बारीक मेर उठणार, नांगराच्या तासाशेजारी माती उठते तशी. उंच रेघ की खोल, एवढं एक बघायला शिकलात तरी निम्मी नाणी बाजूला पडतात.

तुमचं दोन रुपयांचं नाणं घ्या. कडेपासून निघून सिंहाच्या अंगावरून गेलेली रेघ दिसते. फोटोत ती उंच आहे की खोल हे कळतच नव्हतं. अशा फोटोत डोळा फसतो, फोटो उलटा धरला की खोल ते उंच दिसायला लागतं. म्हणून तुम्हाला परत लिहिलं होतं की खोलीतला दिवा बंद करा, मोबाइलचा टॉर्च टेबलाला टेकवून डावीकडून आडवा मारा आणि मग फोटो काढा. तसा फोटो आला तेव्हा रेघेची डावी बाजू चमकत होती आणि सावली उजवीकडे पडली होती. उजेडाकडची बाजू चमकते, पलीकडे सावली, म्हणजे रेघ उंच. खोल असती तर सावली उजेडाच्याच बाजूला बसली असती. शिवाय ती रेघ सपाट जागेतून न तुटता अक्षराच्या अंगावर चढून पलीकडे उतरते. चरा असा जात नाही. तो उंच भागावर जोरात लागतो आणि खोलगट जागी उडी मारतो. तर हा ठशाचा तडा, खरा. पण तडा गेलेल्या ठशानं, तो बदलेपर्यंत, ढीगभर नाणी छापलेली असतात. त्यामुळे याला भाव थोडाच.

ते तुम्हाला 'किरकोळ, कडा तुटलेलं' वाटलेलं रुपयाचं स्टीलचं नाणं, १९९८ चं, त्यावर मात्र मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. पत्रात तुम्ही त्याला एकच ओळ दिली आहे. त्याच्या कडेला बिस्किटाचा घास घ्यावा तसा आत वळलेला गोल काप आहे. असा काप टाकसाळीत कसा पडतो? पट्टी पुढे सरकायला थोडी कमी पडली की पुढची चकती आधीच्या भोकावर अंशतः येते, आणि तेवढा घास कमी असलेली चकती तयार होते. पण कानस किंवा कात्री घेऊन घरीही असा काप पाडता येतो, मग फरक कसा करायचा?

कापाच्या बरोबर समोरची कड बघा. तुमच्या दुसऱ्या फोटोत ती दिसते: बाकी सगळीकडे कड ठळक उठलेली आणि कापासमोरच्या बोटभर भागात पुसट, बसकी. हे मुद्दाम करता येत नाही. कड उचलताना चकती दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला घास नसेल तर तिथं दाबच लागत नाही, आणि म्हणून समोरच्या बाजूलाही पुरेसा लागत नाही. संग्राहक याला ब्लेकस्ली इफेक्ट म्हणतात. दुसरी खूण कापाशेजारच्या अक्षरात आहे. कानशीनं कापलेलं नाणं असतं तर अक्षर सुरीनं छाटल्यासारखं तुटलं असतं. इथे ते कापाकडे जाताना पातळ होत, थोडं ओढल्यासारखं विरतं, कारण छापताना धातू मोकळ्या जागेकडे सरकला. तुमच्या सोनारानं वजन दिलंय ४.५१ ग्रॅम. या नाण्याचं ठरलेलं वजन ४.८५ ग्रॅम, व्यास २५ मिलिमीटर. घास गेला तेवढं वजन गेलं, हिशोब जुळतो. हे नाणं प्रत्यक्ष हातात न घेता मी शपथ घालणार नाही, पण पैज लावायची तर यावर लावीन.

राहिलेल्यांपैकी तीन लवकर उरकते.

चपटं, लांबट झालेलं पन्नास पैशांचं नाणं रेल्वेखालचं आहे. ओळखीचं आहे, कारण माझं लहानपण भुसावळला रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं आणि दहा पैशांची अल्युमिनियमची फुलासारखी नाणी रुळावर ठेवण्यात आम्ही पोरं पटाईत होतो. (धोक्याचं होतं, बेकायदाही. वडिलांनी एकदा बघितलं आणि मग आठवडाभर दहा पैसेही मिळाले नाहीत.) चाक नाण्याला एका दिशेनं ओढतं, म्हणून त्याच्यासोबत अक्षरंही लांब होतात. टाकसाळीत भोवतीचं कडं नसताना नाणं छापलं गेलं तर ते पसरतं खरं, पण बरंचसं गोल पसरतं आणि मधली अक्षरं आपल्या मूळ मापात राहतात.

१९८५ चा पातळ रुपया तेजाबातून निघालाय. त्या काळच्या तांबे-निकेलच्या रुपयाचं वजन ६ ग्रॅम, तुमचं भरतंय ४.९. पातळ पत्र्यावर छापलेलं नाणं असू शकतं, नाही असं नाही. पण मग त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. तुमचा वाळूसारखा खरबरीत आहे, आणि अक्षरं आजारी माणसासारखी सगळीकडून सारखीच बारीक झाली आहेत. दोन्ही बाजू, कड, सगळं एकदम झिजलंय. कुणीतरी कुणाच्या तरी दुकानात ते बुडवून पाहिलं आणि मग फुटाण्यांना चालवलं.

दहाचं नाणं, ज्याची मधली चकती बोटानं फिरते, ते ठोकून सैल केलेलं आहे. बाहेरचं वलय आणि मधली चकती छापाच्या त्याच दाबात एकमेकांत घट्ट बसतात. मधली चकती टाकसाळीतच सरकली असेल तर नक्षी सरकत नाही, ती सांध्यावरूनच छापली जाते. तुमच्या नाण्यात नक्षी चकतीबरोबर फिरते आणि सांध्याशेजारी दोन लहान खळगे आहेत, खिळ्याच्या टोकाचे असावेत. पोरं वलयाची अंगठी करायला असं करतात. नाणी मुद्दाम मोडणं, वितळवणं हा २०११ च्या नाणे कायद्यानं गुन्हा आहे, हे त्या पोरांना कोण सांगणार!

आणि आता ते साडेतीन लाखांचं पाचचं नाणं.

जुनं, जाड, ९ ग्रॅमचं पाच रुपयांचं नाणं. ज्या बाजूवर ५ चा आकडा असतो, तिथं खोल आणि आरशातल्यासारखा उलटा सिंह उमटलेला. जुने संग्राहक अशा नाण्याला 'लाखी' म्हणतात, आणि त्या नावानंच लोकांची झोप उडते. लाखी कसं होतं, तर छापलेलं नाणं बाहेर न पडता एका ठशाला चिकटून बसतं. पुढची कोरी चकती आली की तिच्या एका बाजूला खरा ठसा लागतो आणि दुसऱ्या बाजूला ते चिकटलेलं नाणं. त्यामुळे एका बाजूला नेहमीचा सिंह आणि दुसऱ्या बाजूला तोच सिंह, उलटा आणि खोलगट. नीट विचार करा, या सगळ्यात ५ चा आकडा कुठून येणार? तो ठसा तर चिकटलेल्या नाण्याखाली झाकला गेला होता. खऱ्या लाखीवर ५ नसतोच. तुमच्या नाण्यावर ५ आहे, चेपलेला आहे, पण आहे, आणि त्याच्या अंगावर सिंह आहे.

म्हणजे दोन तयार नाणी एकमेकांवर ठेवून शिकंज्यात आवळली गेली. अशा वेळी शिकंज्याच्या जबड्याला टेकलेली मागची बाजूही सपाट होते. म्हणून मी तुम्हाला मागच्या बाजूचा फोटो मागितला, जो फोनवरच्या माणसानं मागितला नव्हता. त्यात सिंहाच्या आयाळीचे केस दिसेनासे झाले आहेत आणि त्या जागी एक गुळगुळीत चमकती पट्टी आहे. झिजून केस गेले असते तर चमक अशी एका सपाट पातळीत आली नसती.

हे इतक्या खात्रीनं सांगते, कारण असलं एक नाणं माझ्याही कपाटात आहे. नोकरीला लागून चारच वर्षं झाली होती, एका यात्रेत एकानं 'ताई, लाखी आहे, तुम्हाला म्हणून देतो' म्हणत दीड हजाराला दिलं. तेव्हाचे दीड हजार! रोज हजारो नाणी हाताळणारी मी. दोन वर्षं मिरवलं. मग एका जाणकार गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "यातला रुपयाचा आकडा तुम्हाला दिसत नाही का?" दिसत होता की. रोज दिसत होता. लाखी म्हणून बघितल्यावर बाकी काही दिसेना, इतकंच. म्हणून तुम्हाला मूर्ख ठरवायची माझी लायकी नाही.

असाच चकवा इतर वाचकांच्या पत्रांतही दिसतो, म्हणून दोन-चार गोष्टी सगळ्यांसाठी. सालाखालचा ठिपका म्हणजे दोष नव्हे, ती नोएडा टाकसाळीची खूण. पत्त्यातल्या चौकटीसारखी खूण मुंबईची, चांदणी हैदराबादची, कोलकात्याचं नाणं बिनखुणेचं. वैष्णोदेवीची पाच आणि दहाची नाणी २०१२ मध्ये निघाली, ती चलनी नाणी आहेत, लाखांची नव्हेत. एखादं अक्षर गायब असेल तर शेजारचं अक्षर बघा. शेजारचं ठणठणीत असेल तर ठशात वंगण भरलं असण्याची शक्यता, आणि आजूबाजूचे सगळे उंच भाग झिजलेले असतील तर नाणं फक्त म्हातारं झालंय. अक्षर दुहेरी दिसतं तेव्हा दुसरं अक्षर पायरीसारखं सपाट आणि बसकं असेल तर छापताना ठसा हललेला असतो, त्याला फार कुणी विचारत नाही. सोनेरी झालेला रुपया हा बहुधा कुणीतरी दिलेला मुलामा. चुंबक जवळ ठेवा: नव्या स्टीलच्या रुपयाला तो ओढतो, तांबे-निकेलच्या जुन्या रुपयाला ओढत नाही. आणि कुठलंही नाणं चिंचेनं, राखेनं, ब्रासोनं घासू नका. घासलेलं खरं एररही जाणकार हातातून खाली ठेवतो.

तुमचा तिसरा प्रश्न नाण्यांचा नाहीच. दोनशे आणि साडेतीन लाख यातलं एक खोटं आहे हे तुम्ही बरोबर ओळखलंत, पण खोटं बोलणारा दादा असेल हे कशावरून ठरवलंत? साडेतीन लाखांचा आकडा हवाहवासा होता म्हणून ना? जळगावच्या माणसानं चार मोडकी नाणी, एक तड्याचं आणि एक कापाचं यांचे मिळून दोनशे म्हटले. माझ्या मते थोडे पाडून म्हटले. कापाच्या रुपयाला चांगला संग्राहक काही शेकडे देईल. पण दुकानदार विकत घेतो तो पुढे विकायला, त्यामुळे तो भाव लबाडीचा वाटत नाही, व्यापाराचा वाटतो. आणि दादानं तो आकडा घरी येऊन जसाच्या तसा सांगितला. खिशात घालायचे असते तर 'काहीच देत नाही म्हणे' असं सांगून ती नाणी हळूच घेऊन गेला असता. नाणी तुमच्याच घरात आहेत, तुम्हीच त्यांचे फोटो पाठवलेत.

फोनवरच्या माणसाला तुम्ही २,१५० दिलेत. दादाला एक प्रश्नही विचारला नाहीत.

आता काय करायचं. आधी घरात सांगा, बायकोला आजच. दादाला सांगताना नाण्यांपासून सुरुवात करू नका, २,१५० पासून करा. 'दादा, मी पैसे घालवले' हे वाक्य जड आहे, मान्य. पण ते आधी बोललात तर पुढचं सगळं बोलता येतं. नाही बोललात तर हीच गोष्ट दोन महिन्यांनी सायबर पोलिसांच्या फोनमधून त्याला कळेल. मग दादा खवळेल, घालून पाडून बोलेल, ते ऐकून घ्या.

मग दोघं मिळून एक दहापट भिंग आणा, सोनार वापरतात तसं. तुमच्या ओळखीच्या सोनाराकडे ते घटकाभर मागूनही मिळेल, नाहीतरी वजन त्यानंच करून दिलंय. सहा नाणी पांढऱ्या कापडावर ठेवा आणि टॉर्च आडवा धरून मी वर लिहिलंय ते एकेक दोघांनी बघा. माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही, तुमच्या डोळ्यांवर ठेवा. बघता बघता दादाला सहज विचारा, "त्या जळगावच्या माणसानं कुठलं नाणं हातात जास्त वेळ धरलं होतं?" 'किती म्हणाला' हे विचारू नका, ते तुम्ही विचारून झालंय आणि त्यावरच भांडण झालंय. माझा अंदाज, दादा कापाचा रुपया दाखवेल. तसं झालं तर तो माणूस जाणकार होता आणि दादानं खरंच त्याला दाखवलं होतं, दोन्ही एकदम कळेल.

विकायचं की ठेवायचं? मी असते तर दोन्ही खरी नाणी ठेवली असती. घाईनं विकण्याइतका पैसा त्यात नाही, आणि तुमच्या पत्रात घरात अडचण असल्याचं कुठं दिसत नाही. विकायचीच असतील तर दोघांनी मिळून जा, निदान दोन ठिकाणी दाखवा आणि नाणं हातातून सोडण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो ठेवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, सुट्टीत मुलांना घेऊन जाऊन या. भाव विचारायला नव्हे, नाणी कशी बघतात ते बघायला. ठेवायची असतील तर प्लास्टिकच्या पाकिटात नको, कागदी पाकिटात ठेवा, आणि वर तारीख, वजन आणि 'मोठी मायच्या डब्यातून, एसटी स्टँड' एवढं लिहा. बाकीची चार त्याच चिंधीत राहू द्या. तीही तिनंच बांधली आहेत.

उरली सतरा. ती खरी चलनी नाणी आहेत, सरळ वापरा. कुणी नाही म्हटलं तर बँकेत भरा, बँकेला ती घ्यावीच लागतात. फक्त खर्च करण्याआधी एकेक नाणं सिंह सरळ उभा ठेवून चिमटीत धरा आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं उलटा. आपल्या नाण्यांची मागची बाजूही तशीच सरळ उभी यायला हवी. थोडीशी तिरकी आली तर सोडून द्या, ते नेहमीचं आहे. पण एखाद्याची मागची बाजू आडवी किंवा साफ डोक्यावर उभी आली, आणि मधली चकती घट्ट असली, तर ते हातोडीचं काम नाही. ते बाजूला ठेवा आणि मला दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा. दादाला दाखवून झाल्यावर.